कापायच्या आधी दोन ठोके

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीण म्हणाली, रोज लिहा. किती वाजता आडव्या झालात, कधी डोळा लागला, कधी जाग आली, सकाळी डोकं कसं होतं. मी म्हटलं, बाई, मला झोप हवीय, निबंध नकोय. तर हसली. हसायला काय जातंय! तिला लागत असेल पडल्या पडल्या झोप.

ही वही मापांची आहे, अर्धी कोरी होती. नवी आणायची माझी तयारी नाही.

दोन महिने मला झोप नाही. डोळे मिटले की छातीत धडधड सुरू, तळव्यांना घाम, आणि डोक्यात घड्याळ. घड्याळ म्हणजे आमचा मॅनेजर. दर वाक्याला मनगटाकडे बघतो म्हणून कारखान्यात सगळे मागून त्याला तेच म्हणतात. जानेवारीत त्याने सांगितलं, कापड कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन येतंय. आम्ही तीन कटिंग मास्तर आहोत, त्यातला एकच राहणार. इस्पितळाच्या निळ्या डगल्यांची ऑर्डर मार्चअखेर जो बिनचूक उरकेल, तो. बाकीचे दोघे पुरुष आहेत आणि दोघेही माझ्यासमोर खडू धरायला शिकले. आता मला 'ताई, तुम्ही आराम करा' म्हणतात. मेल्यांनो, आराम तुम्ही करा.

डॉक्टरणीने विचारलं, काम काय करता? म्हटलं, शिवणकाम. खोटंच. खरं सांगितलं असतं तर मशीनला हात लावू नका म्हणाली असती, कारण शिवणकाम म्हटल्यावरसुद्धा तिने पाढा वाचलाच. झोपताना अर्धी गोळी. अर्धीच. तीन आठवडेच. मनाने वाढवायची नाही, मनाने एकदम बंद करायची नाही, कुणाची घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. झोप आणणारं खोकल्याचं औषध वरून नको, दारू नको. म्हटलं, दारू मी पीत नाही, पण तुम्ही अशाच बोलत राहिलात तर सुरू करीन. सकाळी पूर्ण तरतरी आल्याशिवाय गाडी नको, धारेचं यंत्र नको. दोन आठवड्यांनी, सतरा तारखेला, परत या.

शेवटचं कलम सगळ्यात भारी. पाकीट स्वतःकडे ठेवू नका, घरातल्या कुणाकडे तरी द्या. घरात कोण आहे?

घरात वन्सं आहेत.

३ मार्च, मंगळवार

तर माझ्या झोपेच्या चाव्या आता त्या बयेकडे. काय दिवस आलेत!

वन्सं माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, माझ्या संसारात ठाण मांडून बसली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तो झोपेतच गेला, माझ्या शेजारी. सकाळी हलवलं तेव्हा गार होता. घर माणसांनी भरलेलं असताना ही सगळ्यांसमोर म्हणाली, "शेजारी झोपली होती आणि हिला जाग आली नाही." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. आम्ही भिंतीशी बोलतो. 'चहा झालाय, ज्यांना हवा त्यांनी गाळून घ्यावा.' 'नळ गळतोय, कुणाला दिसत असेल तर.' दोन खोल्या, दोन शेगड्या, एक भिंत. तिला बिचारीला सगळं ऐकावं लागतं.

काल डॉक्टरणीचा कागद आणि पाकीट टेबलावर ठेवलं आणि भिंतीला म्हटलं, "हे घरातल्या माणसाकडे ठेवायला सांगितलंय." तिने उचललं. आतला घडीचा कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग ब्लेडने गोळीचे दोन तुकडे केले, एक बाटलीच्या झाकणात ठेवून पाणी ठेवलं. मी गिळेपर्यंत दारात उभी. जेलरच!

तुकडा वाकडा कापला होता. चाळीस वर्षं कापतेय मी, मला दिसतं. लहान तुकडा मला दिला.

साडेदहाला आडवी. झोप चार तास. डोकं ठीक.

५ मार्च, गुरुवार

कारखान्यातही तीच समोर. सव्वीस वर्षं एका लांब टेबलाच्या दोन टोकांना. ती तागा उलगडते, थरावर थर घालते, साठ थर. मी वरच्या थरावर साचे मांडते, खडूने रेघा मारते आणि उभ्या पात्याच्या मशीनने कापते. पातं वीतभर उंच आहे, बोटाला ते काहीच समजत नाही. कापताना माझी नजर फक्त रेघेवर. समोरचीने थर दाबून धरायचे, पातं जवळ आलं की हात काढून पुढे सरकायचं, आणि हात सुरक्षित झाले की टेबलावर दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे चला. एक ठोका म्हणजे थांबा. हे मी आणि तिनेच ठरवलेलं, बोलत होतो तेव्हा. अकरा वर्षं आमचं एवढंच बोलणं आहे, आणि खरं सांगायचं तर पुरतं.

झोप साडेचार तास. डॉक्टरीण म्हणते हळूहळू सुधारेल. हिला कुणी सांगितलंय एकतीस तारीख हळूहळू येणार म्हणून?

९ मार्च, सोमवार

आज डोक्यात प्रकाश पडला.

कुठलंही कापड कापताना आम्ही मापापेक्षा थोडं जास्त धरतो. शिलाईत जातं, धुतल्यावर आटतं. जास्त कापलेलं आत दुमडता येतं, कमी कापलेलं वाढवता येत नाही. याला मार्जिन म्हणतात. डॉक्टरणीने मला अर्धी गोळी दिली ती नेमक्या मापाची, मार्जिन सोडलंच नाही. पोरीला शिवणकाम येत असतं तर कळलं असतं.

आमच्या इस्त्रीवाल्याची आई मागच्या वर्षी गेली, तीही झोपेच्या गोळ्या घ्यायची. सहज विचारलं. म्हणाला, "आहेत की घरात पडलेल्या, फेकवत नाहीत. आणतो." जेवणाच्या सुट्टीत कागदात गुंडाळून दिल्या. नाव तेच! फक्त आकडा वेगळा. माझ्या पाकिटावर अर्धा असा आकडा आहे, यांच्यावर दोन. जरा विचारात पडले. पण वन्सं आंघोळीला गेल्यावर पाकीट काढून गोळ्या शेजारी ठेवून बघितल्या तर ही दोनवाली माझ्यापेक्षा लहान. आकड्यावर जाऊन मी आयुष्यात काही कापलं नाही, लोक पोटाचा घेर चोरून सांगतात. डोळ्याने बघायचं. लहान गोळी ती लहान गोळी.

तिची अर्धी घ्यायची, वन्सं झोपल्यावर. फक्त मार्जिन. खडूच्या डबीत तळाला ठेवल्यात, वर खडू.

११ मार्च, बुधवार

आठ तास!! एक कूसही बदलली नाही. इतकी वर्षं काय झोपले मी? काहीच नाही झोपले. धडधड नाही, घाम नाही, घड्याळ नाही. सकाळी वन्संनी भांडं आपटलं तेव्हा जाग आली. ती म्हणते (भिंतीला) की तीन वेळा आपटलं.

डोकं जरा जड. पण रिकामं. असं रिकामं डोकं मला फार वर्षांनी मिळालं, मला रडूच आलं तोंड धुताना. झोपेसाठी बाई रडते, काय ही दशा.

१२ मार्च, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. मला झोप लागायला लागली तशी हिची कामचुकारी सुरू झाली. साडेआठला टेबलाशी उभं राहायचं, नवापर्यंत थर तयार, सव्वानवाला मशीन चालू, ही सव्वीस वर्षांची रीत. आज ही बया दहा वाजले तरी थर घालतेय. एक घालते, हाताने सरळ करते, माझ्याकडे बघते, परत सरळ करते. चाळीस थर झाले आणि म्हणाली (माल तपासणाऱ्या चेकर बाईला, मला नाही), "खाली कुठेतरी डाग आहे वाटतं." आणि सगळा तागा परत उलगडला!

डाग नव्हता. मी स्वतः बघितला. म्हणजे नीट बघितला नाही, बसले होते. पण नव्हता.

पहिला ठोका पडला तेव्हा अकरा वाजून गेले होते. घड्याळ येऊन तिच्यावर ओरडला. ती खाली मान घालून उभी. बरं झालं.

१६ मार्च, सोमवार

आजही अकरा. परवाही अकरा. कधी डाग, कधी तागा उलटा, कधी वजनं सापडत नाहीत. वजनं म्हणजे पाच किलोची लोखंडं, ती हरवतात कशी? घड्याळाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमचं वय झालं का?" त्रेपन्न वर्षांची आहे, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तरी ती वजनंच शोधत राहिली. मला सगळं कळतंय. मी जाऊन घरी बसले की हिला गार वाटेल. नवरा गेला तेव्हा मला खुनी ठरवलं, आता पोटावर पाय.

आणखी एक. हल्ली ठोके लांबून येतात. पूर्वी माझ्या पात्यापासून हातभर अंतरावर असायची. आता टेबलाच्या पार त्या टोकाला उभी राहते, थर दाबायला लाकडी पट्टी वापरते. हात लावायची लाज वाटते बाईसाहेबांना!

झोप नऊ तास. सकाळी दोन कप चहा घेतला. की तीन.

१७ मार्च, मंगळवार

आज दवाखान्यात जायचं होतं, गेले नाही. ऑर्डर कोण तिचा बाप कापणार? झोप उत्तम लागतेय, तिला काय दाखवू?

वन्संनी दुपारून अर्धी सुट्टी घेतली. सव्वीस वर्षांत हिने कधी अर्धी सुट्टी घेतलेली नाही. कुठे उलथली देव जाणे. संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी होती, 'दवाखान्यात बोलावलं आहे. लगेच.' मी फाडून टाकली. मला हुकूम सोडते!

१८ मार्च, बुधवार

चेकर बाईने साठच्या साठ डाव्या बाजू परत पाठवल्या. खिशाची खूण अर्धा इंच खाली. माझ्या हातून? चाळीस वर्षांत? थर सरकले असणार. थर कोण घालतं ते सगळ्यांना माहीत आहे. घड्याळ फक्त मनगटाकडे बघत राहिला, ते ओरडण्यापेक्षा वाईट. छातीत परत धडधडलं. आज मार्जिन थोडं वाढवते.

१८ मार्च, बुधवार

आज चांगलं काम झालं. परत काही आलं नाही. हात हलका चालतोय.

(वही उघडली तर वर आजचीच तारीख आणि माझंच अक्षर. मी केव्हा लिहिलं हे? वन्संना माझ्या अक्षराची नक्कल करता येत असेल. इतकी वर्षं माझ्या मापांच्या चिठ्ठ्या वाचतेय. वही आता उशीखाली.)

२० मार्च, शुक्रवार

घड्याळाच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं, मला थर घालायला दुसरं कुणी द्या, ही बाई माझी ऑर्डर बुडवतेय. त्याने तिला बोलावलं. विचारलं, "तुमचं काही म्हणणं आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बोलते आता. सांगायला तिच्याकडे असतं काय, पण बोलते. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "नाही. चूक माझीच आहे. पण साहेब, मशीन अकराच्या आत चालू करू नका एवढं बघा."

घड्याळ म्हणाला, "कारखाना तुमच्या मुहूर्तावर चालतो काय?" आणि तिला बटणांच्या टेबलावर पाठवलं. ते टेबल माझ्या पाठीमागे, चार पावलांवर. जाऊ दे, निदान समोर तोंड दिसणार नाही.

जिंकले मी. मग दुपारचं जेवण का गेलं नाही कळत नाही.

२२ मार्च, रविवार

उद्या सोमवार, मोठा थर. थर घालायला कुणी मोकळं नाही म्हणून घड्याळ स्वतः उभा राहणार आहे. नीट झोप पाहिजे. आज माझी अर्धी आणि इस्त्रीवाल्याची एक अख्खी. वन्संनी झाकणात गोळी ठेवली, पाणी ठेवलं, आणि दारातून गेलीच नाही. भिंतीला म्हणाली, "उद्या कुणी रजा घेतली तर बरं होईल." मी भिंतीला म्हटलं, "कुणाला बरं होईल ते माहीत आहे."

२३ मार्च, सोमवार

हे मी चार वाजता लिहितेय, घरी. अक्षर आलं तसं आलं.

सव्वानवाला सुरू केलं. साठ थर. घड्याळ समोर. त्याला सांगितलं, साहेब, हात काढलेत की दोन ठोके द्या, त्याशिवाय मी बटण दाबत नाही. म्हणाला, "हो हो, चला." पहिली रेघ झाली. दुसरी झाली. ठोके देत होता, घाईघाईने, दार वाजवल्यासारखे. खांद्याच्या वळणाशी आलो. तिथे थर सरकतात म्हणून त्याने डावा हात पसरून दाबला. ठोके पडले की नाही कोण जाणे, मी बटण दाबलं.

मग मला आठवत नाही.

म्हणजे मी उभी होते. हात मशीनवर होता, अंगठा बटणावर होता. आवाज येत होता. निळं निळं होतं. मला वाटत होतं मी कापतेय, आणि रेघ बरोबर दिसतेय, आणि नवरा बाजूला उभा राहून बघतोय.

एक ठोका पडला.

पाठीमागून. बटणांच्या टेबलावर, इतक्या जोरात की डबा उलटला. मी ऐकला असं म्हणता येणार नाही, माझ्या अंगठ्याने ऐकला. अंगठा सुटला. पातं थांबलं. मग माझे डोळे उघडले, तेव्हा कळलं की ते मिटले होते.

खडूची रेघ वीतभर मागे राहिली होती. पातं सरळ कापड चिरत गेलं होतं, आणि त्याच्या टोकापासून एका बोटावर घड्याळाचा डावा हात होता, पसरलेला, अंगठीसकट. तो दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ बघत होता. त्याला काही कळलंच नाही. मान वर करून म्हणाला, "थांबलात का? चला."

वन्सं आल्या. पळत नाही, चालत. भिंतीतून प्लग काढला. माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "जागी हो, वहिनी."

अकरा वर्षांनी. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. हळू म्हणाली. नवऱ्याला मी सकाळी असंच हलवलं होतं, हळू.

सगळे आपापल्या कामात. कुणी काही पाहिलं नव्हतं. कापड वाया गेलं म्हणून दहा मिनिटं आरडाओरडा झाला असता आणि मी परत बटण दाबलं असतं, तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण क्षणभर माझ्या मनात तेच आलं. मग मी लोखंडी जाळीचा हातमोजा काढला आणि टेबलावर ठेवला. "साहेब," म्हटलं, "मी कापत नाही. मी झोपले होते. तुमचा हात बघा कुठे आहे ते."

त्याने बघितला. पांढराफटक पडला. पहिल्यांदा घड्याळ न बघता उभा राहिला.

मी खाली बसले. लाज वाटली. भीती नाही, लाज. वन्संनी माझ्या खडूच्या डबीतले खडू टेबलावर ओतले आणि तळाची पुडी पदरात टाकली. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून?

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरणीला सगळं सांगितलं. काम कापायचं, मार्जिन, इस्त्रीवाल्याची आई. तिने पुडीतल्या गोळ्यांच्या पाकिटावरचा आकडा बघितला. मग विचारलं, "हे कपड्याचं माप आहे असं वाटलं का तुम्हाला?" म्हटलं, लहान होती हो गोळी. म्हणाली, "गोळी लहान, औषध चौपट. परवा तुम्ही मी सांगितलेल्याच्या नऊपट घेतलंय. बटणं सांडायच्या ऐवजी काय सांडलं असतं, कळतंय ना?"

कळतंय म्हटलं. आवाज चढवू नका म्हटलं. तिने चढवला नव्हता.

मग मी म्हटलं, आजपासून एकही घेत नाही, झालं समाधान? तर लगेच, "तेही करायचं नाही. इतकी घेतल्यावर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. मी लिहून देते तशी, दर आठवड्याला थोडी थोडी कमी. मध्ये काही दिवस झोप उडेल, धडधड वाढेल. ते औषध उतरतंय म्हणून, तुम्हाला वेड लागतंय म्हणून नाही. मधे काही वाटलं तर फोन करा, इस्त्रीवाल्याला नाही." गोळ्या संपेपर्यंत आणि त्यानंतर ती सांगेपर्यंत मशीन बंद. म्हटलं, एकतीस तारीख आहे. म्हणाली, "बोटं किती आहेत?"

आगाऊ आहे. पण आकडे स्वच्छ लिहिते.

निघताना म्हणाली, तुमच्या नणंद सतरा तारखेला येऊन गेल्या, कटिंगचं काम करता हे त्यांनी सांगितलं. चुगलखोर! पायऱ्या उतरताना मी भिंतीलासुद्धा काही बोलले नाही. वन्सं बाजूने चालत होत्या, माझ्या कोपराला हात न लावता, पण लागेल इतक्या जवळून.

२८ मार्च, शनिवार

झोप दीड तास. हाताला कंप. खडू धरला तर रेघ नागमोडी. सगळ्यांचा राग येतोय, डॉक्टरणीचा, घड्याळाचा, इस्त्रीवाल्याच्या मेलेल्या आईचा. साडेसहाला उठतेच, ती म्हणाली होती, झोप लागो न लागो उठायची वेळ एकच. दुपारी आडवं व्हायचं नाही. गोळी तिने सांगितली तेवढीच, कमीही नाही, जास्तही नाही. मार्जिन नाही.

६ एप्रिल, सोमवार

ऑर्डर चार दिवस उशिरा गेली. उरलेलं वन्संनी कापलं. सव्वीस वर्षं समोरून बघून शिकलीय. रेघ तिची वाकडीच असते, पण रेघेच्या आत असते. घड्याळ म्हणाला, कोण राहणार ते जूनमध्ये बघू. 'बघू' म्हणजे मी नाही. म्हटलं, बघा.

झोप चार तास. धडधड कमी.

मी विचारलं, सरळ, भिंतीला नाही, "वन्सं, माझ्या डबीतलं तुम्हाला कधी कळलं?" म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी." मग सांगितलं का नाही? म्हणाल्या, "तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. म्हणून मी भांडी घासायला घेतली.

२० एप्रिल, सोमवार

आजपासून मला टेबलाशी परवानगी. मशीन नाही, समोरचं टोक. थर घालायचे, दाबायचे, ठोके द्यायचे. कापणार वन्सं. माझी दहा बोटं तिच्या हातात, काय माझं नशीब!

साडेआठला उभी राहिले. सव्वीस वर्षांत मी या टोकाला कधी आले नव्हते. मला वाटायचं, या टोकाहून कापड दिसत असेल. कापड दिसत नाही, ते खाली राहतं. समोर दिसतं ते कापणारीचं तोंड. सगळं दिसतं. पापणी किती वेळा पडते, मान कधी डुलते, ओठ कधी सैल पडतात. माझं तोंड तिने असं सव्वीस वर्षं बघितलंय. मार्चमधलंसुद्धा, अकरा वाजेपर्यंत पेंगणारं.

नऊ वाजता थर तयार झाले. मी ठोके द्यायला हात उचलला आणि तिच्याकडे बघितलं. डोळे लाल. पापण्या जड. हातमोजा घालताना दोनदा चुकली. तशी ती गोळीबिळी काही घेत नाही. पण गेला महिनाभर मला कधीही जाग आली की पलीकडच्या खोलीत तिची कूस वाजते. जागीच असते. मी काय करतेय ते ऐकत पडलेली असते, माझा श्वास चालू आहे की नाही.

मी एक ठोका दिला.

ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

"खाली कुठेतरी डाग आहे वाटतं," मी म्हटलं, आणि साठही थर उलगडायला घेतले.

घड्याळ धावत आला. "कुठाय डाग? मला दाखवा डाग!"

"आहे," म्हटलं, "शोधतेय. तुमच्या आरडाओरड्याने सापडणार आहे का?"

"ताई, किती वाजलेत कळतंय का?"

"मला कशाला विचारता? तुमच्याच मनगटावर आहे की!"

तो गेला, माझं नाव कुठेतरी लिहून ठेवायला. वन्सं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, भिंतीला डोकं टेकलं आणि चेकर बाईने दिलेला चहा हातात तसाच ठेवून झोपल्या. मी कप काढून घेतला. एक थर घातला, सरळ केला, परत सरळ केला. तोंड उघडं ठेवून झोपते ही. तिचा भाऊही असाच झोपायचा.

अकराला मी तिच्या खांद्याला हात लावला. जाग आली, दचकली नाही. तोंड धुऊन आली, हातमोजा एका झटक्यात चढवला. मी पापण्या बघितल्या, पुरत्या उघड्या होत्या. मग हात मागे घेतले आणि टेबलावर दोन ठोके दिले.